मार्गेरितच्या हिरव्या रंगाचं पाणी

पेती-आंस, केप ब्रेटन
७ एप्रिल १९९७

हिलेर,

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. मिस्साला गेला होतास की नाही ते त्यात लिहिलेलं नाही, म्हणजे गेला नव्हतास. असो. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद तरीही आहेतच, ते काही मी परत घेत नाही.

आज काम आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण दूरच्या फोनवर मी घड्याळाकडे बघत बोलते आणि निम्मं सांगायचं विसरते. पत्रात सगळं मावतं.

प्लासिडची मासेमारीची बोट 'मार्गेरित' बुडाली तेव्हा तो एका फळीला धरून पाण्यात तरंगत होता, आणि तिथेच नवस बोलला होता, की वाचलो तर हिचीच लहान प्रतिकृती करून चर्चमध्ये टांगीन. हे तुला माहीत आहे. वाचला. मग 'या हिवाळ्यात करू, पुढच्या हिवाळ्यात करू' असं करत वर्षं निघून गेली. हात थरथरायला लागले तेव्हा घाबरून कामाला लागला. पाइनच्या लाकडातून हातभर लांबीची कोरली आहे. केबिन, गळ ओढायची चरखी, सगळं जिथल्या तिथे. मी बायको आहे म्हणून म्हणत नाही, बघणारा थबकतो. पण कोरीव काम संपलं आणि थरथर अशी वाढली, की ब्रश काही धरवेना. म्हणून रंगाचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यात मी खुर्च्या आणि कुंपण सोडून काही रंगवलेलं नाही.

तू नाताळात पाठवलेल्या छोट्या बाटल्यांतला अक्रिलिकचा हिरवा घेतला. 'पाण्याने पातळ कर' असं तू लिहिलं होतंस, म्हणून विहिरीचं पाणी घातलं. रंग नासलेल्या दुधासारखा फुटला. तसाच लावला. वाळल्यावर हिरव्यावर पांढरट थर आला, पावावर बुरशी येते तसा. खरवडून पुन्हा लावला, पुन्हा तेच.

२९ जूनला संत पेत्राचा सण आहे. धक्क्यावर बोटींना आशीर्वाद देतात, मग सगळे चर्चमध्ये जातात. प्लासिडला त्या दिवशी बोट स्वतःच्या हातात घेऊन, स्वतःच्या पायांनी वेदीपर्यंत जायचं आहे. पुढच्या वर्षी पाय साथ देतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

काल प्लासिड तो पांढरा थर बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "नाही घेणार म्हणतोय."

मी विचारलं, "कोण?"

त्याने नुसतं वर बोट दाखवलं. "उशीर केला मी. आता नको म्हणतोय."

हिलेर, तू बोटी, विमानं, आगगाड्यांच्या इतक्या प्रतिकृती रंगवल्यास. काय चुकतंय ते सांग.

लिओनी

—

वॉल्थॅम, मॅसॅच्युसेट्स
१६ एप्रिल १९९७

लिओनीताई,

मिस्साला गेलो नव्हतो. आता आपण रंगाचं बोलू.

प्लासिडला सांग, वरच्याने काही म्हटलेलं नाही. म्हणतेय ती तुमची विहीर. आपल्या घरच्या किटलीच्या तळाशी चुन्याचा थर आठवतो ना, आई जो व्हिनेगर घालून काढायची? तोच चुना रंगात उतरतो. रंगाचे कण पाण्यात सुटे सुटे तरंगायला हवेत, या जड पाण्यात ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. वाळलं की पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. पांढऱ्यावर कुणाला दिसत नाही, गडद हिरव्यावर लगेच दिसतो.

उकळून घेऊ नकोस. तू तेच करशील म्हणून आधीच लिहितोय. थोडा चुना खाली बसेल, पण बाकीचं पाणी आटून आणखी दाट होईल.

औषधांच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, इस्त्रीत आणि गाडीच्या बॅटरीत घालतात ते. त्यात काहीच नसतं, म्हणून मागे काही राहत नाही. तेच घे. रंग एकदम पातळ करू नकोस, थेंबथेंब घाल. दुधाइतका झाला की थांब, नाहीतर लाकडावर धरणार नाही. आधी फळकुटावर लावून बघ.

तू पाठवलेली मोलॅसिसची बिस्किटं संपली. हे सहज लिहिलं.

हिलेर

—

पेती-आंस
२५ एप्रिल १९९७

हिलेर,

बिस्किटं पाठवली आहेत. सहज.

तुझं पत्र प्लासिडला वाचून दाखवलं. म्हणाला, "हिलेर शहाणा आहे, पण तो कधी समुद्रात पडला नाही."

आता मला रागावू नकोस. अंगणात विहीर असताना दुकानातून पाणी आणायचं, हे काही माझ्या हाताला जमेना. मग आठवलं, तळघरात ओल शोषणारं यंत्र आहे. त्याची बादली रोज भरते आणि मी रोज ओतून देते. हवेतून निघालेलं पाणी, त्यात चुना कुठून येणार? नितळ दिसतं, अगदी काचेसारखं. तेच वापरलं. रंग फुटला नाही, हे तुला मान्य करावंच लागेल. पण भांड्यात उरलेला रंग झाकून ठेवला होता, त्याला दोनतीन दिवसांत ओल्या मोज्यांसारखा वास सुटला. आणि बोटीवर पांढरं आलंच. कमी नाही, पहिल्याइतकंच.

मी घाई करत नाही, खरंच. जेवणाची भांडी आवरते, टेबल पुसते, देवाचं नाव घेते, मगच ब्रश उचलते. हात स्थिर आहे माझा. शेजारची ओडिल बघून म्हणाली, "लिओनी, तू इतकी वर्षं कुठे लपवली होतीस ही कला?" म्हटलं, "ताटांखाली."

पण प्लासिड आता बघतही नाही. सकाळी स्वयंपाकघरात येतो, चहा घेतो, बोटीकडे पाठ करून बसतो.

लिओनी

—

वॉल्थॅम
३ मे १९९७

ताई,

ओल्या मोज्यांचा वास वाचून मी दहा मिनिटं हसलो, मग कपाळाला हात लावला.

ते यंत्राचं पाणी हवेतून येतं, हे खरं. पण येताना तळघरातली धूळ, बुरशी, त्या जुन्या धातूच्या नळ्यांवरचा मळ, सगळं धुऊन घेऊन येतं. नितळ दिसणं आणि शुद्ध असणं वेगळं. डिस्टिल्ड पाणी वाफ करून बंद भांड्यात थंड करतात, तुझी बादली उघड्यावर भरते. त्या पाण्याने फार तर जिरेनियमची कुंडी भिजव. बोट नको.

औषधांच्या दुकानात जा. तुला जमत नसेल तर ओडिलला पाठव. तिच्याकडे तुझ्यासारखी विहीर नाही, म्हणून तिला संकोच वाटणार नाही.

आणखी एक. डिस्टिल्ड पाणी गुळगुळीत पृष्ठभागावर कधीकधी थेंब होऊन गोळा होतं, मेण लावलेल्या कोटावर पाऊस पडतो तसं. पेलाभर पाण्यात काडीच्या टोकावर मावेल एवढा भांडी घासायचा साबण घाल. जास्त नको, फेस आला तर रंगात बुडबुडे येतील.

पांढरं मात्र का आलं, ते मला नीट कळलेलं नाही. त्या पाण्यात चुना नसतो. कदाचित खालच्या थरातला वर आला असेल. सगळं घासून काढ आणि नव्याने कर.

प्लासिडला माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग, की मी समुद्रात पडलो नाही कारण मला बोटीवर कोणी घेतच नव्हतं, मी उलट्या करायचो.

हिलेर

—

पेती-आंस
१५ मे १९९७

हिलेर,

दुकानातून पाणी आणलं. दुकानदार म्हणाला, "इस्त्रीसाठी का?" मी हो म्हटलं. नवसासाठी म्हणायला धीर झाला नाही.

सगळा हिरवा घासून काढला. तू म्हणालास तसं थेंबथेंब घातलं, साबण काडीच्या टोकावर. आणि हिलेर, रंग असा सरकला, जसं लोणी गरम तव्यावर. ब्रशची एक रेघ दिसेना. प्लासिड खुर्ची ओढून जवळ आला. कितीतरी दिवसांनी. "मार्गेरितचा हाच हिरवा," म्हणाला. "नवी होती तेव्हाचा."

त्या दिवशी घरात फ्रिकोचा रस्सा केला, कोंबडी जास्त आणि बटाटे कमी घालून.

तिसऱ्या सकाळी पुन्हा पांढरं. पाण्याच्या रेषेपासून वर, बोटीच्या नाकापासून शेपटीपर्यंत.

मी लपवायला गेले, पण तो आधी उठला होता. पिठाची रिकामी पिशवी घेतली, बोटीवर घातली आणि बोट कपाटावर ठेवून दिली. म्हणाला, "लिओनी, पुरे झालं. मी त्या दिवशी चर्चला येईन, मागे बसेन. बोट नेणार नाही. ज्याला नको आहे त्याच्या दारात वस्तू घेऊन उभं राहू नये."

मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. पण हिलेर, आज पहिल्यांदा मला वाटलं, तो म्हणतो तेच खरं असेल तर?

लिओनी

—

वॉल्थॅम
२२ मे १९९७

ताई,

हे पत्र छोटं आहे, पोस्ट निघायच्या आत टाकायचं आहे.

बोट कपाटावरून खाली काढ. त्या पांढऱ्यावर ओलं बोट फिरव आणि जिभेला लाव. चुना असेल तर चव लागणार नाही, खडूसारखं दाताखाली येईल. दुसरं काही असेल तर कळेल. रंग आता वाळलेला आहे, काही होत नाही, मी स्वतः किती चाटलाय ते विचारू नकोस.

आणि मला सगळं लिही. सगळं म्हणजे ब्रश कुठे ठेवतेस, कशाने धुतेस, रंग कशात कालवतेस, टेबल कशाने पुसतेस, वाळताना बोट कुठे असते. तुला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही. शेजाऱ्यांकडे पाण्यातला चुना काढून ते मऊ करायचं यंत्र आहे का? तिथून पाणी आणलंस का? त्यात मीठ असतं.

धीर सोडू नकोस. डिस्टिल्ड पाण्याने पांढरं येत नाही. म्हणजे आणखी काहीतरी आत जातंय, आणि जे आत जातं ते शोधता येतं.

हिलेर

—

पेती-आंस
३० मे १९९७

हिलेर,

खारट आहे.

प्लासिड फेरफटका मारायला गेला असेल असं समजून मी चाटलं, तर तो दारातच उभा. "काय आहे?" म्हणाला. खोटं बोलता येईना. "मीठ," म्हटलं.

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बघ, समुद्राचं आहे ते. माझ्याकडून घ्यायचं राहिलेलं मागतोय." आणि जाऊन पडून राहिला. संध्याकाळी जेवला नाही. मी पाव आणि मासळीची वडी खोलीत नेऊन ठेवली, सकाळी तशीच होती.

तू विचारलेलं सगळं लिहिते. पाणी मऊ करायचं यंत्र आमच्या रस्त्यावर कुणाकडेच नाही. रंग अंड्यांच्या खोक्यातल्या खळग्यात कालवते, प्रत्येक वेळी नवा खळगा. पाणी जॅमच्या धुतलेल्या बाटलीत, तेही डिस्टिल्ड पाण्याने विसळून. टेबल कोरड्या फडक्याने पुसते. ब्रश साबणाने धुते, मग दुकानाच्या पाण्याने, मग डोकं वर करून पेल्यात उभा ठेवते. बोट वाळायला चुलीच्या बाजूच्या फळीवर असते, तिथे ऊब असते. मासे किंवा मीठ त्या फळीजवळ येत नाही, एवढी अक्कल मला आहे.

बाकी काही नाही. काम सुरू करताना दाराशेजारच्या चिनीमातीच्या भांड्यात ब्रश बुडवते आणि क्रूसाची खूण करते, तेवढंच. प्रत्येक वेळी ब्रश उचलला की. आणि थर वाळला की त्याच भांड्यात बोटं बुडवून बोटीच्या नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवते, प्लासिडचं नाव घेऊन. पण ते तू पाण्यात धरू नकोस. ते पाणी नव्हे, पवित्र पाणी आहे. फादरांनी ईस्टरच्या आदल्या रात्री दिलेलं. बाटलीत भरपूर आहे, भांड्यातलं चुलीच्या उबेने लवकर आटतं, मी वरून भरत असते.

सणाला महिना उरला नाही.

लिओनी

—

वॉल्थॅम
६ जून १९९७

ताई,

सापडलं. बसून वाच.

तुझे म्हातारे फादर अजून जुन्या पद्धतीनेच आशीर्वाद देतात ना? पाण्यावर प्रार्थना, मिठावर प्रार्थना, मग मीठ पाण्यात. लहानपणी मिठाची बशी मी धरायचो. आधीच्या फादरांचा हात सढळ होता, हेही त्यांचेच शिष्य. तू मला सगळं विसरलेला म्हणतेस, पण ती बशी मला आठवते.

ते भांडं चुलीजवळ आहे. पाणी आटतं, मीठ आटत नाही. तू वरून भरतेस, पुन्हा आटतं. ईस्टरपासून आजवर त्या भांड्यात किती मीठ साठलं असेल! तुझा ब्रश प्रत्येक वेळी आधी त्यात बुडतो. शिवाय प्रत्येक थरावर तेच पाणी हाताने फिरतं. पांढरं पाण्याच्या रेषेपासून वर, नाकापासून शेपटीपर्यंत आलं, असं तूच लिहिलंस. तो तुझ्या हाताचा मार्ग आहे.

म्हणजे समुद्राने काही मागितलेलं नाही. वरच्याने काही नाकारलेलं नाही. ते आशीर्वादाचं मीठ आहे, आणि तू त्याच्यासाठी मागितलंस म्हणून तिथे आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. चूक कुठे झाली ते शोधताना मला हेच मिळालं.

यात तुला लाज वाटण्यासारखं काही नाही. प्लासिडला तू स्वतः सांग. माझ्याकडून ऐकलं तर तो म्हणेल, हिलेरचं शहाणपण.

आता काम. हिरवा सगळा काढ, लाकूड डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनतीनदा पूस, पूर्ण वाळू दे. मग रंग. क्रूसाची खूण कोरड्या हाताने कर, ती तेवढीच पोचते. माझ्यासारख्याने हे तुला सांगावं, याची मलाही गंमत वाटते.

हिलेर

—

पेती-आंस
२ जुलै १९९७

हिलेर,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पावाचं पीठ मळत होते. पिठाच्या हातांनीच वाचलं, म्हणून आता त्यावर माझी बोटं उमटली आहेत.

सांगायला जीभ रेटेना. त्याच्यासाठी केलं आणि त्यालाच दोन महिने छळलं, असं वाटत होतं. शेवटी पाव भट्टीत गेला तेव्हा त्याच्या खोलीत गेले आणि पाठ भिंतीला टेकून सगळं सांगून टाकलं. भांडं, मीठ, चूल, माझा हात.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, थरथर वाढली. पुढे जाऊन बघते तर हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

"म्हणजे त्याने नाही म्हटलंच नाही," म्हणाला. "तू त्याला मध्ये बोलूच दिलं नाहीस!"

"मी काय वाईट मागत होते?" म्हटलं.

"अगं, एकदा मागायचं. तू तर त्याच्या कोटाची बाही सोडायला तयार नाहीस. तो तरी काय करणार?"

उठला, कपाटाकडे हात केला. मी बोट काढून दिली, त्याने पिशवी ओढली. घासायचा कागद मी हातात घेतला तर म्हणाला, "आण इकडे. घासायला माझेच हात बरे, आपोआप चालतात." आणि खरंच हिलेर, दोन दिवसांत लाकूड असं निघालं, जसं आजच कोरलंय. मी पुसलं, वाळवलं, रंगवलं. ब्रश उचलताना दर वेळी हात दाराकडे जायचा, आणि तो खुर्चीतून खोकायचा. मी हात मागे घ्यायचे. आठवडाभर बघितलं. हिरवा तो हिरवाच राहिला.

सणाला सकाळी वारा पडला होता. धक्क्यावर बोटी रंगीत पताका लावून उभ्या होत्या. फादर एकेक बोटीवर पवित्र पाणी शिंपडत आले आणि प्लासिड आणि आमच्या छोट्या मार्गेरितपाशी थांबून त्यांनी कुंचला चांगला भिजवून वर उचलला. प्लासिड सगळ्यांदेखत म्हणाला, "फादर, बेताने. घरी आधीच भरपूर झालंय." फादरांना काही कळलं नाही, पण ओडिल अशी हसली की तिची टोपी पडली. मी गावभर सांगितलं नव्हतं, फक्त तिलाच सांगितलं होतं. फादरांनी एकच शिंतोडा टाकला. मी रुमालाने टिपायला गेले, त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी रुमाल ठेवून दिला.

मग चर्च. ऑर्गन वाजत होता आणि तो मधल्या वाटेने निघाला, बोट दोन्ही हातांवर. काठी त्याने दारातच मला दिली होती. पावलं लहान, पण त्याचीच होती. मी मागे, एका हाताच्या अंतरावर. अर्ध्या वाटेत थरथर सुरू झाली, हातांतून बोटीत उतरली. ती डुलायला लागली, नाक वर, नाक खाली, डावीकडे कलली, सावरली. लोक प्रार्थना विसरून बघत होते. बाकावरचे म्हातारे कोळी टोप्या छातीशी धरून उभे राहिले. पडेल म्हणून मी पुढे झाले आणि खालून हात लावायला गेले.

त्याने मान न वळवता सांगितलं, "राहू दे, लिओनी. चालतेय ती."

मी हात मागे घेतला. वेदीपर्यंत ती तशीच गेली.

लिओनी